चार एकर थॉमसन, नापास रिपोर्ट आणि नीतिशास्त्राचा उपयोग

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे:

‘माझी चार एकर थॉमसन निर्यातीसाठी नोंदवलेली आहे. रेसिड्यू रिपोर्टमध्ये एका कीटकनाशकाचा अंश किलोला ०.०४ मिलिग्रॅम आला. युरोपची मर्यादा ०.०१. निर्यातदाराने हात वर केले. (काढणीच्या तोंडावर मिलीबग दिसला म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून एक फवारा घेतला होता, तो वहीत घातला नव्हता.) लोकल व्यापारी म्हणतो, रिपोर्ट-बिपोर्ट मला दाखवू नका, परवा गाडी लावतो, रोख देतो. वडील म्हणतात, देऊन टाक, सगळे देतात. सोसायटीचं कर्ज आहे, मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे. स्पर्धा परीक्षेसाठी नीतिशास्त्राचा पेपर मी दोन वर्षं घोकला. मिल, कांट, ॲरिस्टॉटल, रॉल्स, सगळ्यांवर उत्तरं लिहिली. रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यातला एकही कामाला आला नाही. मग या सिद्धांतांचा खऱ्या निर्णयात उपयोग काय? आणि मी करू काय?’

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमच्या हातात वेळ परवापर्यंतचाच आहे. परवाची गाडी लावू नका. औषधाच्या बाटलीवरचं लेबल काढा, फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किती दिवस सोडायचे ते वाचा, फवाऱ्याच्या खऱ्या तारखेपासून दिवस मोजा आणि तेवढे दिवस भरल्यावर पुन्हा नमुना द्या. माल विकायचा की नाही आणि कुठे, हे त्या दुसऱ्या रिपोर्टवर ठरवू. अंश अर्ध्यावर यायला पाच दिवस लागत असतील तर ०.०४ चे ०.०१ व्हायला दहा दिवस लागतील. दहा लागत असतील तर वीस. ऊन, पानांची दाटी, औषधाची जात यांवर ते ठरतं. हे दिवस बागायतदाराला किती लांब वाटतात ते मला माहीत आहे. ढग आले की घशाखाली घास उतरत नाही.

मी तीस वर्षं नाशिकमध्ये तत्त्वज्ञान शिकवलं. घरची बाग निफाड तालुक्यात, कादवेच्या काठी. ती दादा, म्हणजे माझे थोरले बंधू बघतात. सुट्टीच्या दिवशी मीही तिथेच असायचो. त्यामुळे तुमचा प्रश्न मी पुस्तकाच्या आणि बांधाच्या दोन्ही बाजूंनी वाचला.

सिद्धांत कामाला आले नाहीत, कारण तुम्ही त्यांच्याकडे निकाल मागितलात. परीक्षेने ती सवय लावली आहे. ‘उपयुक्ततावादाच्या दृष्टीने असे, कांटच्या दृष्टीने तसे’ असे चार परिच्छेद, शेवटी सुवर्णमध्य, की उत्तर पूर्ण. खऱ्या निर्णयात सिद्धांतांचं मुख्य काम त्याआधीचं आहे. आपण स्वतःला प्रकरण कसं सांगतो आहोत, त्या सांगण्यातून कोण गळलं, काय गळलं, हे ते दाखवतात. इतक्या वर्षांत मी पाहिलेले वाईट निर्णय बहुतेक वेळा चुकीचा सिद्धांत निवडल्यामुळे झाले नव्हते. प्रकरण सांगतानाच त्यातला एखादा माणूस किंवा एखादी तारीख वगळली गेली होती. तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे.

ते कंसाबाहेर काढू. मग प्रश्न ‘निर्यातीला नापास झालेला माल लोकलला द्यावा का’ असा राहत नाही. तो असा होतो: ‘काढणीपूर्व दिवस न पाळता मी एक फवारा घेतला, तो लिहिला नाही, आणि आता ते दिवस भरायच्या आत माल काढू का?’ पहिल्या प्रश्नात दोष युरोपच्या कडक मर्यादेचा वाटतो. दुसऱ्यात तो आपल्याच बांधावर येऊन थांबतो.

आता तुमच्या वडिलांचा हिशेब. तो मूर्खपणाचा नाही. कुणाला काही होणार नाही, घर वाचेल, मुलीचं लग्न पार पडेल: परिणामांवरून कृतीचं मोल ठरवायचं, हेच तर इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने १७८९ मध्ये आणि मिलने १८६१ मध्ये मांडलं. आणि आकडेही काहीसे त्यांच्या बाजूने बोलतात. किलोला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे शंभर टन द्राक्षात मिळून एक ग्रॅम. एकरी दहा टन धरले तर तुमच्या चार एकरांतल्या सगळ्या मालात मिळून हा अंश १.६ ग्रॅम भरतो. शिवाय ही मर्यादा म्हणजे ‘याच्यावर गेलं की विष’ अशी रेघ नाही. लेबलप्रमाणे फवारणी केली तर काढणीच्या वेळी किती अंश राहतो, हे चाचण्यांवरून काढतात, तो खाणाऱ्याला सुरक्षित आहे ना हे तपासतात आणि मर्यादा ठरवतात. ज्या औषधाची त्या पिकासाठी युरोपात वेगळी मर्यादाच ठरलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ लागते. म्हणून रिपोर्ट नापास झाला म्हणजे माल विषारी झाला, असं मी म्हणणार नाही. भीती घालून पटवलेली नीती पुढच्या हंगामापर्यंतही टिकत नाही.

पण मिलचा हिशेब करायचा तर पूर्ण करावा लागतो. वडील फक्त तुमच्या चार एकरांचा करताहेत. डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये एक कल्पना मांडली. हजार माणसं आहेत आणि हजार कैदी आहेत. प्रत्येक माणूस एक बटण दाबतो. त्या एका बटणाने प्रत्येक कैद्याची वेदना इतकी थोडी वाढते की त्याला ती जाणवतही नाही. हजार बटणं दाबून झाली की ती असह्य होते. प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्या बटणाने काहीच झालं नाही, आणि ते खरंही असतं. आता एखाद्या घरातलं दिवसभराचं खाणं डोळ्यासमोर आणा. सकाळी डब्यात टोमॅटोची भाजी, दुपारी वांगी, संध्याकाळी द्राक्षं. खाणारं मूल पंधरा किलोचं. यातलं प्रत्येक पीक ‘माझ्या एका फवाऱ्याने काय होतंय’ असं म्हणणाऱ्या कुणाकडून आलं असेल, तर हिशेब कुणी केला? ‘सगळे देतात’ हे वाक्य वडिलांना समर्थन वाटतं. परिणामांच्या हिशेबात ते सर्वांत मोठं काळजीचं वाक्य आहे.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘पुष्कळांच्या पुष्कळ सुखा’ची, म्हणजे बेंथम-मिलच्या याच हिशेबाची, सविस्तर झडती घेतली आहे. तिथे अमेरिकेतल्या एका शहराचं उदाहरण येतं. ट्रामची लोकांना गरज होती, परवानगीला उशीर होत होता, म्हणून व्यवस्थापकाने लाच देऊन ती मिळवली. ट्राम सुरू झाली, लोकांची सोय झाली, आणि पुढे लाच उघडकीला आल्यावर त्याला शिक्षा झाली. परिणाम सगळ्यांच्या सुखाचाच होता. मग लोकांना त्यात काय खुपलं? करणाऱ्याची बुद्धी. टिळकांचा रोख तोच होता: नुसत्या बाह्य परिणामावरून नीती ठरत नाही. वर्गात मी हे उदाहरण आवर्जून घ्यायचो, कारण मुलांना वाटायचं की हा वाद परदेशातल्या पुस्तकांत चालतो. तो आपल्या भाषेत शंभर वर्षांपूर्वीच चांगला रंगला होता.

बुद्धीचा विषय निघाला की कांटकडे जावंच लागतं. १७८५ च्या त्याच्या ग्रंथात एक दुकानदार आहे. लहान मूल आलं तरी तो जास्त भाव लावत नाही. सगळ्यांना एकच भाव. वागणूक चोख. कांट विचारतो, का? गिऱ्हाईक तुटेल म्हणून, की फसवणं चूक आहे म्हणून? पहिलं कारण असेल तर ते शहाणपण झालं. त्याला नैतिक मोल नाही.

हा दुकानदार मला आपल्या तालुक्यांत वर्षानुवर्षं भेटत आला आहे. निर्यातीच्या प्लॉटवर वही असते, तारखा असतात, बंदी असलेल्या औषधाला हात लावत नाहीत, काढणीपूर्व दिवस बोटांवर मोजतात. कारण प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेणार असतो. त्याच शेतकऱ्याचा बांधापलीकडचा प्लॉट लोकलला जाणार असतो, आणि तिथे मात्र ‘मार एक हात, काही होत नाही’. आपण चांगले शेतकरी आहोत की चांगले परीक्षार्थी आहोत, याचं उत्तर त्या दुसऱ्या प्लॉटवर मिळतं. मी हे रागाने लिहीत नाही. आमच्या घरातही कित्येक वर्षं दोन प्लॉटना दोन नियम होते.

कांटचा दुसरा मुद्दा तुमच्या व्यापाऱ्याच्या वाक्याला लागू पडतो. ‘रिपोर्ट मला दाखवू नका.’ त्याला रिपोर्ट काय आहे ते कळलेलं आहे. त्याला फक्त उद्या ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय हवी आहे, आणि ती सोय तुम्ही त्याला करून द्यायची आहे. तुमच्या दोघांचा सौदा राजीखुशीचा आहे. पण ज्या बाईने कुठल्या तरी शहरात हातगाडीवरून अर्धा किलो द्राक्षं घेतली, तिला कुणी विचारलं नाही. तिला सगळं सांगितलं असतं तर तिने ती घेतली असती का? नसती घेतली, आणि म्हणूनच तिला सांगायचं नाही असं ठरलं, तर ती तुमच्यासाठी माणूस राहिली नाही, माल खपवायची जागा झाली. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, असं कांट म्हणतो तेव्हा त्याला हेच म्हणायचं असतं.

इथे मला २०१० सालाबद्दल सांगायला हवं. त्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत सीसीसी या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि माल नाकारला गेला. फुटींची वाढ आवरायला, काडीत घड तयार व्हावा म्हणून छाटणीनंतर सीसीसी मारायची सवय सगळ्यांचीच होती. महिन्यांपूर्वी मारलेलं ते मण्यांत उतरेल, असं बागायतदाराच्या मनातही नव्हतं. दादांचा माल ज्या कंटेनरमध्ये होता तो तिकडे अडकला आणि पैसे गेले. त्यात दादांचा नैतिक दोष होता असं मी आजही मानत नाही. त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं वाटायला काही कारणही नव्हतं.

दोष त्यानंतरचा आहे, आणि त्यात माझा वाटा आहे. बागेत अजून माल होता. रविवारी मी गेलो तेव्हा दादांनी मला विचारलं, ‘काय करायचं?’ त्याच आठवड्यात मी वर्गात कांट शिकवत होतो. मी म्हणालो, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ माल लोकलला गेला. आपल्याकडे त्याची मर्यादा काय आहे, हा माल त्यात बसतो की नाही, हे आम्ही शोधलंही नाही. कदाचित बसला असता. पण आम्हाला उत्तर नको होतं म्हणून आम्ही प्रश्न विचारला नाही. तुमचा व्यापारी आज जे तोंडाने म्हणतोय, तेच मी त्या दिवशी गप्प राहून केलं. कंटेनर जाईपर्यंत आम्ही अजाण होतो. त्या रविवारनंतर नव्हतो. तुम्ही आज त्या रविवारी उभे आहात, आणि तुमच्या हातात तर आकड्यांचा कागद आहे.

सत्याचा आग्रह म्हणजे गावभर दवंडी, असंही मी म्हणत नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे. सदा सत्य बोलायचं असा त्याचा नेम. दरोडेखोरांनी विचारलं, लोक कुठे लपले? त्याने खरं ते सांगितलं, लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. असाच प्रसंग कांटपुढे आला तेव्हा १७९७ मध्ये त्याने, खुन्यालाही खोटं सांगू नये, असा हट्ट धरला. इथे मी कांटला सोडतो आणि कर्णपर्वाच्या बाजूने उभा राहतो. सत्य कुणाला, कशासाठी सांगायचं याचा विवेक लागतो. तुमचा रिपोर्ट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची गरज नाही. त्याचा परिणाम ज्यांच्यावर होणार आहे त्यांना तो कळायला हवा. शेजाऱ्याचं नाव तर कुठेच घेऊ नका. सल्ला त्याचा असला तरी फवारा तुमचा होता.

परिणाम कुणावर होतो, या यादीतून सगळ्यात आधी कोण गळतं हे मला वर्गात एका मुलीने शिकवलं. सुरगाण्याकडची होती, एसटीने यायची, फार बोलायची नाही. मी असाच एक बागायतदाराचा प्रसंग फळ्यावर मांडला होता. तासभर चर्चा झाली. शेतकरी, व्यापारी, गिऱ्हाईक, देशाचं नाव, परकीय चलन. तास संपता संपता ती उठली आणि म्हणाली, ‘सर, ब्लोअरवर (फवारणीच्या यंत्रावर) कोण बसलं होतं?’ वर्ग गप्प झाला. तिचे आई-वडील दर हंगामाला निफाड-दिंडोरीकडे बागांत कामाला येत. पेठ, सुरगाणा, कळवणहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. फवारा त्यांच्या अंगावर पहिल्यांदा पडतो. खुड्याला आलेल्या बाया पानांत हात घालून दिवसभर उभ्या असतात, तहान लागली की मणी तोंडात टाकतात, त्यांची पोरं बागेच्याच सावलीत झोपतात. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकासाठी प्रयोगशाळा आहे. यांच्यासाठी कोण आहे? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा काही दिवस हा प्रश्न वर्तमानपत्रांत आला आणि मग विरला.

जॉन रॉल्सने १९७१ मध्ये जो अज्ञानाचा पडदा सांगितला, तो मला त्या दिवशी खरा समजला. नियम ठरवताना आपण कोण आहोत हे आपल्याला माहीत नाही असं समजायचं. तुम्ही बागायतदार असाल, व्यापारी असाल, हातगाडीवरची बाई असाल, किंवा सुरगाण्याहून आलेल्या कुटुंबातलं झोपलेलं पोर असाल. आता सांगा, फवाऱ्यानंतर बागेत कधी शिरायचं आणि माल कधी काढायचा याचा कोणता नियम मान्य कराल? या पडद्याआड बसून ‘परवा गाडी लावू’ असं कुणी म्हणेल असं मला वाटत नाही.

मात्र हाच पडदा तुमच्या बाजूनेही बोलतो, आणि ते बोललं पाहिजे. आपण कदाचित बागायतदारच निघू हे लक्षात ठेवून कुणी व्यवस्था आखली असती, तर रिपोर्ट नापास होताच सगळा तोटा एकट्याच्या डोक्यावर टाकून बाकीचे मोकळे, अशी आखली नसती. हवामानावर आधारित फळपीक विमा पावसाला, थंडीला पैसे देतो. रेसिड्यूला देत नाही. सल्ला देणारा, औषध विकणारा, सौदा करणारा, सगळे मोकळे. तुमच्यावर अन्याय होतो आहे, हे तुम्हाला वाटतं ते बरोबर आहे. फक्त तो अन्याय हातगाडीवरच्या बाईने केलेला नाही. तिच्याकडून त्याची वसुली करता येणार नाही.

सुवर्णमध्याबद्दल एवढंच, की ‘दोन एकर देऊ, दोन एकर ठेवू’ असा विचार मनात आला असेल तर त्यात ॲरिस्टॉटलला ओढू नका. काही कृतींना मध्य नसतो, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. चोरी बेताने केली म्हणून ती सद्गुण होत नाही. इथे मध्य भावनांचा शोधायचा असतो. तुमच्या बाबतीत तो घाबरटपणा आणि फुकाची मर्दुमकी यांच्या मधला आहे, आणि तो शोधायची जागा म्हणजे वडिलांशी होणारं बोलणं.

या बोलण्यावर मी जरा थांबतो, कारण तरुण मुलं इथेच चुकतात. हातात रिपोर्ट आणि डोक्यात कांट घेऊन ती बापाला हरवायला जातात. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. नैतिक विचार म्हणजे फक्त तत्त्वं आणि हक्क नव्हेत. नाती तुटू न देता, कुणाला एकटं न पाडता मार्ग काढणं, हाही तितकाच पक्का नैतिक विचार आहे, आणि तो बायकांच्या बोलण्यात पूर्वीपासून होता. माणसाची नैतिक वाढ मोजणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी तो कमी प्रतीचा ठरवला होता. आपल्या घरांतल्या आयांना, आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. वडील ‘देऊन टाक’ म्हणतात तेव्हा ते फसवणुकीची बाजू घेत नाहीत. त्यांना भीती वाटते आहे. लग्नाची तारीख, सोसायटीचा हप्ता, चार लोकांत मान खाली जाण्याची. त्या भीतीला उत्तर न देता तत्त्व सांगितलं तर ते तुमचं ऐकणार नाहीत, आणि त्यांनी ऐकूही नये. आधी कागदावर मांडा: माल पंधरा-वीस दिवस थांबला तर भाव किती पडू शकतो, सोसायटीत जाऊन मुदत वाढवून मिळते का, लग्नाचा कोणता खर्च पुढे ढकलता येतो. आई आणि बहीण दोघींना या बोलण्यात बसवा. तुम्ही पत्रात बहिणीचं लग्न लिहिलंत. तिला काय वाटतं ते लिहिलं नाहीत. तिच्या लग्नाच्या नावावर निर्णय होतोय, तर तो तिला माहीत असायला हवा.

आता दुसरा रिपोर्ट आल्यावरचं. आपल्याकडची मर्यादा त्या औषधासाठी आणि द्राक्षासाठी काय आहे, हे रिपोर्ट देणाऱ्या प्रयोगशाळेलाच विचारा. औषधाला द्राक्षाचा लेबल क्लेम, म्हणजे द्राक्षावर वापरायची नोंदणी, आहे का तेही बघा. नसेल तर ते आपल्या बागेत यायलाच नको होतं. दिवस भरले, अंश आपल्या मर्यादेच्या आत आला, पण युरोपच्या वर राहिला, तर? इथे माझ्या ओळखीचे दोन चांगले लोक माझ्याशी भांडतील. ते म्हणतील, युरोपच्या पोराला जे चालत नाही ते मालेगावच्या पोराला का चालावं? हा प्रश्न मनाला लागतो. तरी माझं मत असं, की असा माल लोकलला विकायला हरकत नाही. दोन ठिकाणच्या मर्यादा वेगळ्या असण्यामागे तिकडे त्या औषधाची त्या पिकासाठी नोंदच नसणं, हे कारण बऱ्याचदा असतं. त्यात आपल्या पोराचा जीव स्वस्त धरलाय असं प्रत्येक वेळी नसतं. अट एकच: व्यापाऱ्याला दोन्ही रिपोर्ट दाखवून सौदा करा. तो नको म्हणाला तरी दाखवा. भाव पडेल. तो पडलेला भाव हीच त्या फवाऱ्याची खरी किंमत आहे, आणि ती आपण भरायची.

अंश आपल्या मर्यादेच्याही वर राहिला, तर आणखी थांबा आणि पुन्हा तपासा. बेदाण्याला टाकून सुटका होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाणी उडून जातं, अंश मागे राहू शकतो. शेवटी नाहीच उतरला तर तो माल विकायचा नाही. माझ्या घरात या वर्षी लग्न नाही, हप्ता नाही, त्यामुळे हे वाक्य मला जितकं सोपं आहे तितकं तुम्हाला नाही, याची मला जाणीव आहे. म्हणूनच आजचे हे दिवस थांबण्यात घालवा. ती वेळ येऊ नये म्हणूनच ते आहेत.

तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० मध्ये कर्तव्यांची एक यादी दिली. शब्द पाळणं, कुणाला इजा न करणं, उपकार फेडणं आणि इतर काही. त्यात आपल्या हातून झालेल्या चुकीची भरपाई करणं हे स्वतंत्र कर्तव्य आहे. दोन कर्तव्यांची टक्कर झाली तर एक मागे ठेवावं लागतं, पण मागे ठेवलेलं संपत नाही, ते देणं राहतं, असं त्यांचं म्हणणं. तुमच्याकडे असं एक देणं आहे. ब्लोअरवर त्या दिवशी कोण होतं? त्याला औषधाचं नाव सांगितलं होतं का, तोंडाला काही बांधायला दिलं होतं का, दुसऱ्या दिवशी बागेत कोण कोण शिरलं? आज जाऊन त्यांची चौकशी करा. डोकं दुखलं, मळमळलं, डोळे चुरचुरले असं कुणी म्हणालं तर बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे न्या.

आणि फवारणीची वही. दुसरा नमुना काढायला माणूस येईल त्याआधी तो फवारा त्यात लिहा. मधल्या मोकळ्या ओळीत मागची तारीख टाकून कोंबू नका. जिथे शेवटची नोंद संपते त्याच्या खाली आजची तारीख घाला आणि लिहा: अमुक तारखेला अमुक औषध, एवढं प्रमाण, चार एकर, मिलीबगसाठी, नोंद करायची राहिली होती, आज केली. खाली सही करा. वडील शेजारी असतील तर त्यांना वाचून दाखवा.